जुन्या खेळण्यांत रमलेली मुलगी मागे जातेय का?

साडेचार वर्षांच्या मुलीची आई समुपदेशनाला आली ती जरा बिचकतच. आवराआवर करताना कपाटाच्या वरच्या कप्प्यातून एक खोका निघाला होता. त्यात मुलगी दीड-दोन वर्षांची असतानाची खेळणी होती: दांड्यात ओवायच्या रंगीत चकत्या, लाकडी ठोकळे, एक चाक निखळलेली गाडी. "अगं आई, ही इथे होती!" म्हणत मुलगी जी बसली, ती दोन तास हलली नाही. आठ दिवस तेच चाललं होतं. नवी खेळणी कोपऱ्यात पडून. "मॅडम, ही मागे जातेय का? तिच्या वयाची मुलं कोडी जुळवतात आणि ही बाळाच्या चकत्या घेऊन बसते."

ही शंका पुष्कळ पालकांना येते. खेळण्याच्या खोक्यावर छापलेलं वय बघून तिचं उत्तर मिळत नाही. मूल त्या वस्तूचं काय करतं ते बघावं लागतं. आईला तीन दिवसांचं काम दिलं. रोज १५ मिनिटं जवळ बसायचं आणि दिसेल ते लिहायचं. सुचवायचं नाही, ‘हा कुठला रंग?’ असं विचारायचं नाही.

वहीत निघालं ते असं. चकत्या दांड्यात एकदाच ओवल्या, त्याही मुद्दाम उलट्या, लहान खाली आणि मोठी वर. ती डुगडुगली की खो खो हसणं. मग चकत्यांच्या ताटल्या झाल्या, मोठी ताटली मोठ्या बाहुलीला. गाडीच्या रिकाम्या बाजूला ठोकळ्याचा टेकू लागला आणि गॅरेज सुरू झालं. दीड वर्षाचं मूल साधारण तीन-चार ठोकळे एकावर एक ठेवतं, पाडतं, परत ठेवतं. एका वस्तूला दुसरीच समजून तिच्याभोवती गोष्ट रचत जाणं हा साडेचार वर्षांचा खेळ. वही वाचता वाचता आईच म्हणाली, "हे तेव्हा नाही करायची ती."

मागे जाणं वेगळं दिसतं. येत असलेले शब्द गळतात, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू होतं, हाक मारली तरी मूल बघत नाही, किंवा चाक तासन्‌तास नुसतं फिरवत राहतं आणि खेळ पुढे सरकत नाही. धाकटं भावंड आलं, घर बदललं की काही दिवस बाळासारखं वागणं होतं आणि ओसरतं. पण आलेली कौशल्यं हरवू लागली, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. इथे यातलं काहीच नव्हतं.

मग नव्या खेळण्यांचा कंटाळा का? जे सतत समोर असतं त्याला डोळे सरावतात. शिवाय ढीग मोठा असला की मूल एक उचलतं, दुसरं दिसतं, पहिलं टाकतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली ३६ लहान मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला: १६ खेळण्यांऐवजी ४ समोर असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ती मुलं दीड ते अडीच वर्षांची होती, म्हणून हा आकडा साडेचार वर्षांच्या मुलीला जसाच्या तसा लावू नये. आठ-दहा गोष्टी बाहेर, बाकी तीन खोक्यांत आणि अधूनमधून अदलाबदल, एवढं ठरलं. प्रत्येक खोक्यात रचायचं काही, नाटकाचं काही, जुळवायचं काही.

पहिल्या प्रयत्नात आईचं फसलं. खोके पारदर्शक होते, त्यामुळे मुलगी दिवसभर ‘ते काढ’ म्हणत राहिली. वर, एका रात्रीत सगळंच बदललं आणि झोपताना लागणारा ससाही खोक्यात गेला, रडारड झाली. ससा, आवडती बाहुली यांची अदलाबदल कधीच नाही. बाकीचं निम्मंच बदलायचं, तेही मुलीच्या देखत. दोन-तीन आठवड्यांनी बदल, हा अंदाज. खेळ रंगात असेल तर तारीख पाळायची गरज नाही. आणि खेळणी काढून घेणं शिक्षा म्हणून तर नकोच, नाहीतर खोका दिसला की मूल धास्तावतं.

जुना खोका उघडला की मुलाच्या हाती देण्याआधी दहा मिनिटं द्यावीत. बॅटरीचा कप्पा उघडावा. पांढरी पूड दिसली तर बॅटरी गळली आहे, हातमोजे घालून काढावी. बटणासारखी चपटी बॅटरी असेल तर झाकण स्क्रूने घट्ट हवं. ती गिळली तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय. सुटे चुंबक सरळ बाद. पाण्यातली पिळायची खेळणी दाबून बघावीत, काळे कण आले तर आत बुरशी आहे.

त्या गाडीच्या आसाचं टोक बाहेर आलं होतं, ते कानशीने घासून घ्यायला सांगितलं. नवं चाक मिळालं तर बसवू का, असं आईने विचारलं. आधी मुलीला विचारा; गॅरेज अजून चालू आहे.