एका मॅचनंतर मुलगा मिटून गेला, तेव्हा आम्ही रिव्हेरा वाचला

"ताई, एकच तर मॅच हरला, एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" असं विचारणारे आईबाबा माझ्याकडे कायम येतात, खेळ कुठलाही असो. ही केस न्यू जर्सीतल्या एका मराठी घरातली (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). मुलगा 15 वर्षांचा, शाळेच्या बेसबॉल टीमचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, शेवटच्या इनिंगला टीम पुढे होती, बॉल ह्याच्या हातात होता आणि मॅच गेली. तेव्हापासून प्रॅक्टिस बंद, मित्रांचे मेसेज बघत नाही, ग्लोव्ह गॅरेजमध्ये. झोप, जेवण, शाळा ठीक आहे ना ते मी आधी नीट विचारून घेतलं, कारण तेच बिघडलेलं असेल आणि आठवडे जात असतील तर डॉक्टरांना दाखवायचं, आणि मूल जगण्याबद्दलच निराशेचं बोलत असेल तर एक दिवसही थांबायचं नाही.

आमच्याशी तो बोलेचना. खोलीत न्यूयॉर्कच्या यँकीज ह्या बेसबॉल टीमचं पोस्टर होतं म्हणून मी म्हटलं, त्यांचा पिचर होता मारिआनो रिव्हेरा, त्याचं आत्मचरित्र आहे 'द क्लोजर' नावाचं, 2014 चं, तू पण वाच मी पण वाचते. क्लोजर म्हणजे टीम थोडक्यात पुढे असताना शेवटची इनिंग टाकायला आणतात तो पिचर, आपल्याकडे शेवटची ओव्हर ज्याच्याकडे देतात तसा. रिव्हेरा पनामातल्या पुएर्तो काईमितो गावचा, वडील मच्छीमार, हाही बोटीवर काम केलेला. 652 सेव्ह, म्हणजे एवढ्या मॅच त्याने हातातून जाऊ न देता संपवल्या, तो रेकॉर्ड अजून त्याच्याच नावावर आहे आणि 2019 ला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, एकमताने निवडला गेलेला तो पहिलाच खेळाडू. पुस्तकात देवावरच्या श्रद्धेबद्दल भरपूर आहे, ती पानं मुलाने भराभर उलटली, मी काही बोलले नाही.

आम्ही थांबलो ते 2001 च्या वर्ल्ड सिरीजपाशी, म्हणजे बेसबॉलच्या फायनलपाशी, त्यात चार मॅच जिंकणारा जिंकतो. सातवी मॅच, ॲरिझोनात, नववी म्हणजे शेवटची इनिंग, यँकीज 2-1 ने पुढे आणि त्याआधी प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, रिव्हेराने ओळीने 23 सेव्ह केलेले. त्या इनिंगला दोन वेगवेगळ्या गोष्टी झाल्या आणि मला त्या मुलासमोर ठेवायच्या होत्या. एक म्हणजे समोरच्या बॅटरने बंट मारला, म्हणजे बॅट न फिरवता बॉल नुसता हळू टेकवला, रिव्हेराने बॉल उचलून दुसऱ्या बेसकडे फेकला तो भलतीकडेच गेला, ही चूक सरळसरळ त्याची. आणि स्कोअर बरोबरीत आल्यावर शेवटी लुईस गोन्झालेझला टाकलेला कटर, म्हणजे शेवटी किंचित वळणारा वेगवान बॉल, चांगलाच पडला होता, बॅट तुटली, पण रन अडवायला फिल्डर जवळ आणलेले त्यामुळे तो हळू उडालेला बॉल त्यांच्या मागे मोकळ्या जागेत पडला आणि सिरीज गेली.

मी मुलाला म्हटलं, तुझी इनिंग अशीच लिहून काढ, एक एक बॉल. तुझं काय होतं ते डावीकडे, तुझ्या हातात नव्हतं ते उजवीकडे. त्याने लिहिलं. दोन वॉक, म्हणजे खराब बॉल टाकून बॅटरला फुकट दिलेला पहिला बेस, डावीकडे, फिल्डरच्या हातातून सुटलेला बॉल उजवीकडे. मी त्याला "तुझी काहीच चूक नव्हती" असं म्हटलं नाही, कारण ते खरं नव्हतं आणि मुलांना ते लगेच कळतं, मग ते आपलं पुढचंही काही ऐकत नाहीत. रिव्हेराच्याही रेग्युलर सीझनमध्ये 80 सेव्ह हुकलेत, ते ऐकून तो पहिल्यांदा स्वतःहून बोलला, "एटी? सिरियसली?"

ह्याच सिरीजची एक गोष्ट पालकांना फार सांगावीशी वाटते. यँकीज हरले म्हणून विजयाची मिरवणूक झाली नाही, म्हणून यँकीजचा एन्रिके विल्सन हा खेळाडू लवकर घरी गेला, आणि ज्या विमानाने तो एरवी जाणार होता ते 12 नोव्हेंबरला न्यूयॉर्कमध्ये पडलं, त्यात तो नव्हता म्हणून वाचला. गोष्ट खरी आहे, पण मी ती मुलांना समजूत घालायला वापरत नाही, कारण मुलाचं दुःख अजून बोलून झालेलं नसताना हरलास ते बरंच झालं असं सांगणं म्हणजे त्याला गप्प बसवणं.

आणि दुःख वेगळंच निघालं. कागद लिहून झाल्यावर म्हणाला, "मॅचचं ठीक आहे, पण घरी येताना कारमध्ये बाबा एक शब्द बोलले नाहीत." बाबांशी वेगळं बोलले तर ते म्हणाले, "अहो, मला वाटलं आत्ता काही बोलू नये, त्याला अजून वाईट वाटेल." मुलाने मात्र त्याचा अर्थ राग असा घेतला होता, आणि इतके दिवस घरात कुणी विषयच काढला नाही त्यामुळे तो पक्का होत गेला. मग दोघांना माझ्यासमोर बसवलं आणि बाबांनी हेच वाक्य त्याला मराठीतच सांगितलं, मुलगा बराच वेळ टेबलाकडे बघत होता आणि मग म्हणाला, "मग तसं सांगायचं ना."

पालकांना मी एवढंच देते, मॅचनंतर गाडीत खेळाचं विश्लेषण नको पण शांतताही नको, "मला तुझा खेळ बघायला आवडतं, भूक लागलीय का" एवढं पुरतं, बाकीचं त्याने काढलं तर ऐका. तो आता प्रॅक्टिसला जातो, सध्या सेकंड बेसला खेळतो. परत पिचिंग करेल का असं आई अजून विचारते, मी म्हणते ते त्याला आणि कोचला ठरवू दे.