अध्यक्षांनी ‘सूतोवाच’ केले, ते आडून की उघड?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत अध्यक्ष म्हणाले, “लिफ्ट जुनी झाली आहे, पुढेमागे देखभाल शुल्क वाढवण्याचा विचार करावा लागेल.” सचिव म्हणून मी इतिवृत्तात लिहिले, ‘अध्यक्षांनी शुल्कवाढीचे सुतोवाच केले.’ आता ते म्हणतात, “मी आडून काही सुचवलं नाही, सरळ बोललो. हा शब्द काढा.” सुतोवाच म्हणजे आडून सुचवणेच ना? – एक वाचक, सांगली

उत्तर : शब्द काढू नका. फक्त ‘सु’ दीर्घ करा. सुत म्हणजे मुलगा, आणि इथे मुलाचा काही संबंध नाही. हा सूत म्हणजे पुराणं सांगणारा.

तुम्ही त्याला नक्की ऐकलेलं आहे. सत्यनारायणाच्या पोथीत गुरुजी मधूनमधून ‘सूत उवाच’, म्हणजे ‘सूत म्हणाला’, असं म्हणतात, तोच हा. आमच्याकडे वडील स्वतः पोथी वाचायचे. ‘सूत उवाच’ म्हटलं की क्षणभर थांबायचे, चष्मा सारखा करायचे आणि मगच पुढची ओळ. शिऱ्याच्या वासाने चुळबुळणारी आम्ही मुलं त्या थांबण्याने आपोआप गप्प व्हायचो. आता गोष्ट सुरू होणार, एवढं आम्हाला कळायचं. मराठीने हा शब्द उचलला तो नेमका या अर्थाने : विषयाला तोंड फोडणं, पहिला उच्चार करणं.

संस्कृतच्या नियमाने ‘सूतः उवाच’ची संधी ‘सूत उवाच’ अशीच राहते, गीतेतल्या ‘अर्जुन उवाच’सारखी. ‘सूतोवाच’ हे रूप मराठीने घडवलं. ते इतकं रुळलं आहे की त्याला अशुद्ध म्हणायला मी तयार नाही.

मग यात ‘सुचवणं’ कुठून शिरलं? महाभारताच्या आदिपर्वाची सुरुवात आठवा. नैमिषारण्यात शौनकांचं बारा वर्षांचं सत्र, म्हणजे यज्ञ, चाललेलं असतं आणि लोमहर्षणाचा मुलगा उग्रश्रवा, म्हणजेच आपला सूत, तिथे येतो. ऋषी विचारतात, कुठून आलात? तो सांगतो, जनमेजयाच्या सर्पसत्रात होतो, तिथे वैशंपायनांच्या तोंडून भारतकथा ऐकली. आणि लगेच कथा सुरू करत नाही. आधी विचारतो, तुम्हाला काय सांगू? आपल्याजवळ काय आहे ते त्याने उघड केलं आणि पुढचं ऐकणाऱ्यांवर सोपवलं. मला हा प्रसंग फार आवडतो, कारण सूतोवाचाचा सगळा स्वभाव त्यात आहे. विषय निघाला, पण ठरलं काहीच नाही. हे न ठरलेपणच वाचणाऱ्याला ‘सूचना’ वाटतं आणि तिथून लोक ‘आडून’पर्यंत जातात.

आडून बोलण्याला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. टोमणा आहे, ‘लेकी बोले सुने लागे’ आहे, नुसतं ‘सुचवलं’ही आहे. आत्या जेवताना म्हणाली, “शेजारच्यांच्या मुलीचं ठरलं हं,” आणि माझ्याकडे बघितलं, तर ते आडून सुचवणं. तीच आत्या वडिलांना म्हणाली, “हिच्यासाठी एक स्थळ आहे, बोलू का?” तर ते सूतोवाच.

मी एका दैनिकात बरीच वर्षं मुद्रितशोधक होते. ‘मंत्र्यांनी पुन्हा एकदा सूतोवाच केले’ असं वाक्य आलं की मी ‘पुनरुच्चार केला’ असं करायचे, कारण तोंड एकदाच फोडता येतं. ‘काळ्या ढगांनी पावसाचे सूतोवाच केले’ हेही मला खटकायचं. ढग बोलत नाहीत, तिथे ‘चाहूल’ हा किती सुंदर शब्द आहे! धमकीला तर सूतोवाच कधीच म्हणू नये, तो इशारा.

तुमच्या अध्यक्षांनी विषय पहिल्यांदा काढला, सगळ्यांसमोर काढला आणि निर्णय सभेवर सोडला. त्यांच्या सरळपणाला या शब्दाने कुठेही उणेपणा येत नाही, हे त्यांना जरूर वाचून दाखवा. इतिवृत्तात असं लिहा : ‘लिफ्टच्या संदर्भात अध्यक्षांनी देखभाल शुल्कवाढीचे सूतोवाच केले. निर्णय झाला नाही.’ पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय आला, तर मात्र ‘प्रस्ताव मांडला’ असं लिहावं लागेल.