समुद्रात टेप लावून काय मोजतात?

प्रश्न : मालवणला स्नॉर्केलिंग करताना खाली दोघंजण टेप अंथरून पाटीवर लिहीत होते, आपल्याकडं मोजणीवाले येतात तसे. काय मोजत असतील?
– एक वाचक, बीड

उत्तर : दादा, मोजणीच ती, पण बांधाची नाही. टेपच्या कडेनं ठराविक अंतरावर चौकट ठेवून फोटो काढतात, त्यात प्रवाळ (समुद्रातलं पोवळं) किती, शेवाळ किती, नुसती वाळू किती अन् प्रवाळ पांढरं पडलंय का ते टिपतात, पाटी प्लास्टिकची अन् लिहायचं साध्या पेन्सिलनं, शाई कुठं टिकते पाण्यात! खोल समुद्रात बोटीवरून ‘सोनार’ (सोन्याचा नाही, पाण्यात आवाज सोडणारं यंत्र) लावतात, आवाज तळाला आपटून यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते, पण तिथं राहतं कोण हे कॅमेरा खाली सोडल्याशिवाय कळत नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं, तिथं दरवेळी त्याच जागी मोजलं तरच काय घटलं ते समजणार.