शिरुईची लिली पाचगणीत रुजेल का?

प्रश्न : मुलगा नोकरीनिमित्त इम्फाळला असतो. मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे जाणार आहोत. उखरूलजवळच्या शिरुई डोंगरावर एक दुर्मीळ लिली फुलते म्हणे. तिचा कंद आणून पाचगणीच्या आमच्या बागेत लावता येईल का?
— एक वाचिका, सातारा

उत्तर : ताई, फूल बघायला जरूर जा, पण कंद उपटू नका, आणि कुणी विकायला आणला तरी घेऊ नका. ही लिली रानात फक्त शिरुईच्या डोंगररांगेत, वरच्या गवताळ उतारांवर उगवते. मणिपूरचं ते राज्यफूल. फुलं तोडणारे, कंद उकरणारे आणि उतारावर पसरत चाललेला खुजा बांबू, तिघांनी मिळून तिला पुरतं जेरीस आणलंय.

मेच्या मध्यापासून जूनपर्यंत ती फुलते. झाड फार तर तीन फूट. फूल घंटाकृती, खाली झुकलेलं, त्यामुळे ते खाली बसून आतूनच बघायला हवं. पाकळ्या बाहेरून जांभळट गुलाबी, आतून जवळजवळ पांढऱ्या. तोंड खाली असल्यानं वळवाच्या सरीतही आतले पराग कोरडे राहतात. मला तिची ही ठेवणच सगळ्यात आवडते.

१९४६ साली फ्रँक किंगडन-वॉर्ड या इंग्रज वनस्पतिशोधकाला ती सापडली. पुढच्याच वर्षी त्यानं जीन मॅक्लिनशी लग्न केलं आणि लिलीला तिचं नाव मिळालं : लिलियम मॅक्लिनिए. जीनचे वडील मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते.

शिरुई सोडून ती कुठे जगतच नाही, असं तिथे ऐकाल. ते खरं नाही. स्कॉटलंडच्या बागांत ती बियांपासून वाढवलेली आहे, कारण तिथला उन्हाळा थंड आणि दमट असतो. पाचगणीचा एप्रिल तिला सोसणार नाही, आणि जुलैत मुळाशी पाणी साचलं की कंद कुजलाच. शिवाय लिलीच्या कंदाला कांद्यासारखं वरचं साल नसतं, नुसते उघडे मांसल खवले असतात. प्रवासात पिशवीतच ते सुकू लागतात.

निघण्यापूर्वी इनर लाइन परमिट, म्हणजे बाहेरच्यांना मणिपुरात जायला लागणारा परवाना, काढा आणि उखरूलच्या रस्त्याची सध्याची परिस्थिती मुलाला विचारून घ्या.

बागेत असं रानफूल हवंच असेल तर रोपवाटिकेतून कळलावी आणा. ती आपल्याच मातीतली, पावसाळ्यात फुलणारी, गौरीच्या पूजेत मानाची. मात्र तिचा कंद जहाल विषारी असतो. घरात लहान मूल असेल तर हात पोचणार नाही अशा जागी लावा.