ओंडक्यांच्या घराचा प्रवास

प्रश्न : ओंडक्यांचं जुनं घर खरंच दुसऱ्या गावी नेता येतं का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : येतं की! ओंडके खाचांत एकमेकांना धरून असतात, त्यामुळे ते उकलून पुन्हा रचता येतात. थिओडोर रूझवेल्ट यांचं नॉर्थ डकोटातलं पाइनच्या ओंडक्यांचं घर १८८३-८४ च्या हिवाळ्यातलं. रूझवेल्ट अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष असताना, १९०४ साली, हे घर सेंट लुईसच्या प्रदर्शनात गेलं; मग पोर्टलंड, फार्गो, बिस्मार्क. १९५९ मध्ये ते नॉर्थ डकोटातल्याच मेडोरा गावी परतलं, पण मूळ जागेपासून सात मैलांवर. ही गोष्ट माझ्या मनाला फार लागते. आत रूझवेल्ट यांची प्रवासाची पेटी आहे. तिच्यावरच्या ‘टी. आर.’ या अक्षरांपाशी मी कितीतरी वेळ उभी होते.