सरप्राइज त्यांनी दिलं, मग सॉरी मीच का म्हणायचं?

"ताई, माझ्या बर्थडेच्या आधी दोनेक आठवडे माझ्या चारही जवळच्या मैत्रिणी अचानक तुटक वागायला लागल्या. मी आले की बोलणं बंद, फोन पटकन उलटे, भेटूया म्हटलं की सगळ्यांनाच काम. मग एकीच्या फोनवर नवीन ग्रुप दिसला, मी सोडून सगळ्या त्यात. आदल्या रात्री माझा तोल गेला आणि मी आमच्या जुन्या ग्रुपवर हा एवढा मोठा मेसेज टाकला, त्यात एकीला 'तुझी नोकरी गेली तेव्हा घरभाडं कोणी भरलं ते विसरलीस का' असंही लिहिलं. हे बाकीच्यांना माहीत नव्हतं. मग ग्रुप सोडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या दारात, फुगे, केक, सगळं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता म्हणतात, आम्ही तुझ्यासाठी एवढं केलं आणि तुझा आमच्यावर एवढाही विश्वास नाही? ती भाड्यावाली तर फोनच उचलत नाही. मी सॉरी म्हणू का? कशाबद्दल म्हणू? आणि ग्रुपमध्ये परत जाऊ का?"

अगं, कशाबद्दल म्हणू हा प्रश्न तू बरोब्बर विचारलास, कारण तुमच्यात जो गोंधळ झालाय ना तो सगळा इथेच आहे. दोन वेगळ्या गोष्टी घडल्यात आणि तुम्ही पाचही जणी त्या एकाच गाठोड्यात बांधून एकमेकींच्या अंगावर फेकताय.

पहिली गोष्ट, तुला वाईट वाटलं. त्याबद्दल सॉरी म्हणू नकोस, अजिबात नाही. पार्टी झाली म्हणून आधीचे दोन आठवडे पुसले जात नाहीत, ते तू काढलेस ना. किपलिंग विल्यम्स म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचा सायबरबॉल नावाचा प्रयोग आहे, स्क्रीनवर तिघंजण एकमेकांकडे बॉल टाकतात आणि थोड्या वेळाने बाकीचे दोघं तुझ्याकडे बॉल टाकणंच बंद करतात, बस, एवढंच. तेवढ्यानेही लोक खट्टू होतात. २००४ च्या एका अभ्यासात तर लोकांना आधीच सांगून ठेवलं होतं की समोर माणसं नाहीतच, कॉम्प्युटर खेळतोय, तरी त्यांना ते लागलं! आणि तुझ्या समोर तर रोजच्या, जिवाभावाच्या मैत्रिणी होत्या, आणि फोन उलटा ठेवतानाची ती घाई तू डोळ्यांनी बघत होतीस.

आता 'विश्वास नाही का' हे वाक्य. मला हे वाक्य जाम खटकतं. दोन आठवडे ठरवून खोटं बोलायचं, समोरची फसली की मनातल्या मनात खूश व्हायचं, आणि मग तिलाच विचारायचं की तू फसलीस कशी? त्यांचा हेतू चांगलाच होता, मी नाही म्हणत नाहीये, पण प्लॅन कच्चा होता. सरप्राइज द्यायचं तर पार्टी लपवायची असते गं, माणसाला वाळीत टाकायचं नसतं. चौघींपैकी एकीने जरी तुला म्हटलं असतं की 'बर्थडेला संध्याकाळी आपण दोघी बाहेर जाऊ, वेळ मोकळा ठेव', तरी तुझी संध्याकाळ रिकामी वाटली नसती, त्यांचंही काम सोपं झालं असतं कारण तू त्या वेळेला तयार होऊन बसलेली असतीस, आणि बाकीच्या तिघी कितीही कुजबुजल्या असत्या तरी तू एवढी सैरभैर झाली नसतीस. हे त्यांना सांग. पण भांडण म्हणून नको आणि आत्ता लगेच तर नकोच, कारण आधी तुला दुसरं काम आहे.

ते म्हणजे भाडं. इथे मी तुझ्या बाजूने नाही. समजा पार्टी नसतीच, समजा त्यांनी तुला खरंच टाकलं असतं, तरी ती गोष्ट चार जणींत काढायची नव्हती. तिने अडचणीत तुझ्याकडे हात पसरला तो तू कुठे बोलणार नाहीस या भरवशावर, आणि तू नेमकं तेच उचलून मारलंस. गैरसमज पार्टीबद्दल झाला होता, याबद्दल नाही. म्हणून 'मला माहीत नव्हतं गं तुम्ही सरप्राइज देताय' हे तिला ऐकवूच नकोस, त्याचा अर्थ असा होतो की खरंच टाकलं असतं तर हे लिहिणं ठीक होतं.

ती फोन उचलत नाही, तर सारखे कॉल करत बसू नकोस. फक्त तिला एकटीला मेसेज कर, छोटा. 'तुझी खाजगी गोष्ट मी सगळ्यांसमोर काढली. चूक माझी आहे, आणि पार्टीचा त्याच्याशी काही संबंध नाही. तुला बोलावंसं वाटेल तेव्हा मी येते.' संपलं. राग का आला, किती रडलीस, हे त्यात घालू नकोस, स्मायली तर नकोच नको. आणि लगेच उत्तर येईल असं धरून चालू नकोस. तिला त्या तिघींसमोर रोज वावरायचंय आणि आता त्यांना माहितीये, हे ओझं तू तिच्यावर टाकलंयस, ते उतरायला वेळ लागेल. कदाचित पुढे कधीच ती तुला आतलं काही सांगणार नाही. तसं झालं तर तेही ऐकून घ्यावं लागेल बाई.

बाकी तिघींना मात्र भेट, शक्यतो एकेकीला, कारण घोळक्यात परत तेच 'आम्ही एवढं केलं' सुरू होणार. पार्टीबद्दल मनापासून थँक यू म्हण, आधी म्हणायचं राहूनच गेलं असेल. आणि भाड्याच्या विषयाची चर्चा कोणी काढली तर तिथल्या तिथे थांबव.

एक विचारू? बर्थडे तोंडावर आलाय, कुजबुज चालू आहे, नवा ग्रुप निघालाय, बाहेरच्या कुणालाही वाटलं असतं की काहीतरी शिजतंय. तुझ्या मनात ते एकदाही आलं नाही, थेट 'मी नकोशी झालेय' इथवर गेलीस. या मैत्रिणींमुळेच असं होतं की हे आधीपासूनचं आहे, ते तुझं तूच बघ, मला पत्रावरून कळायला मार्ग नाही.

राहता राहिला ग्रुप. स्वतःहून 'मला घ्या' म्हणू नकोस. तिचं उत्तर येऊ दे, मग त्या तिघींपैकी कोणी तुला ॲड करायला निघाली तर आधी 'तिला विचारलंस का' एवढं विचार, आणि तिचा हो आला की जा.