संगणकावरची गाणी गाडीत : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

संगणकात साठवलेली गाणी गाडीच्या स्टिरिओवर वाजवताना येणाऱ्या अडचणींबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही इथे घेतले आहेत.

नवा ६४ जीबीचा पेनड्राइव्ह गाण्यांनी भरला. लॅपटॉपवर सगळं वाजतं, गाडीत मात्र 'नो फाइल' येतं. जुना ८ जीबीचा व्यवस्थित चालतो. स्टिरिओ गेला का? (सातारा)

जुना चालतोय म्हणजे स्टिरिओ ठणठणीत आहे, दुकानात खोलायला देऊ नका. ६४ जीबीचे आणि त्याहून मोठे पेनड्राइव्ह बहुधा एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट होऊन, म्हणजे फाइली मांडायची ती पद्धत ठरवूनच, येतात, आणि बऱ्याच स्टिरिओंना, जुन्यांना तर हमखास, फक्त फॅट३२ ही जुनी पद्धत वाचता येते. पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा, 'फाइल सिस्टिम'च्या ओळीत काय आहे ते दिसेल. तिथे एक्सफॅट किंवा एनटीएफएस असेल तर गाणी आधी लॅपटॉपवर काढून ठेवा, कारण फॉरमॅट केलं की सगळं पुसलं जातं.

आता गंमत अशी, की विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅटच्या चौकटीत ३२ जीबीहून मोठ्या ड्राइव्हला फॅट३२ हा पर्याय वर्षानुवर्षं दिसतच नव्हता. ही मर्यादा विंडोजने घातलेली, फॅट३२ची नव्हे. 'रूफस' हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घ्या. त्यात 'नॉन बूटेबल' निवडा, पार्टिशन स्कीम, म्हणजे ड्राइव्हच्या विभागांची नोंद ठेवायची पद्धत, एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड) ठेवा, फाइल सिस्टिम फॅट३२ ठेवा आणि सुरू करा. सुरू करण्याआधी वर निवडलेला ड्राइव्ह पेनड्राइव्हच आहे ना, हे दोनदा बघा. पोर्टेबल हार्डडिस्क त्याच वेळी जोडलेली असेल तर ती काढूनच ठेवा.

मॅक वापरणाऱ्यांनी डिस्क युटिलिटीत 'शो ऑल डिव्हायसेस' करून सगळ्यात वरची ओळ निवडायची, म्हणजे आख्खा ड्राइव्ह. मग फॉरमॅट 'एमएस-डॉस फॅट' आणि स्कीम 'मास्टर बूट रेकॉर्ड'. स्कीम जीयूआयडी राहिली तर आत फॅट असूनही कित्येक स्टिरिओंना ड्राइव्ह दिसत नाही. मॅक प्रत्येक गाण्यासोबत टिंब आणि अंडरस्कोरने सुरू होणारी एक लपलेली फाइलही टाकतो. स्टिरिओ तिलाही गाणं समजतो आणि दर गाण्याआधी अडखळतो किंवा 'अनसपोर्टेड' म्हणतो. विंडोजच्या यंत्रावर लपलेल्या फाइल दाखवायची सोय चालू करून त्या पुसून टाकल्या, की संपलं.

खरं सांगायचं तर गाडीसाठी ६४ जीबी लागतच नाही. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३ला मिनिटाला २.४ एमबी लागतात, म्हणजे पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी. ३२ जीबीत अशी अडीच हजार गाणी मावतात. जास्त भराल तर गाडी सुरू केल्यावर यादी वाचायलाच स्टिरिओ वेळ घेतो. फोल्डर किती आणि एका फोल्डरमध्ये फाइल किती, यालाही स्टिरिओची मर्यादा असते. जुन्या यंत्रांत एका फोल्डरला २५५ हा आकडा नेहमी दिसतो. तुमच्या यंत्राचा आकडा गाडीच्या पुस्तिकेत मिळेल.

दहा भागांचं कीर्तन भरलं, फाइलींना १ ते १० आकडेही दिले. गाडीत ४ नंतर ९ लागतो, मग १०, मग २. असं का? (रत्नागिरी)

इथे दोन दुखणी असू शकतात. पहिलं सोपं. यंत्र नावं अक्षरांप्रमाणे लावतं तेव्हा १ नंतर १० येतो आणि मग २. म्हणून ०१, ०२ असे दोन अंकी आकडे द्या, शंभराहून जास्त फाइली असतील तर तीन अंकी.

पण ४ नंतर ९ येतोय, म्हणजे तुमच्याकडे दुसरं दुखणं आहे. पुष्कळ स्टिरिओ नावं बघतच नाहीत. पेनड्राइव्हवर फाइलींची जी नोंदवही असते, तीत ज्या क्रमाने नोंदी आहेत त्या क्रमाने ते वाजवतात. लॅपटॉप दाखवताना नावांप्रमाणे लावून दाखवतो, त्यामुळे तिथे सगळं नीट दिसतं. मधल्या काही फाइली पुसून नव्या टाकल्या, की नव्या नोंदी पुसलेल्या जागी जाऊन बसतात आणि क्रम विस्कटतो.

तेव्हा पेनड्राइव्ह रिकामा फॉरमॅट करा आणि एकेक फोल्डर क्रमाने चढवा. फोल्डरमधल्या फाइली नावांप्रमाणे लावून सगळ्या निवडा आणि ओढताना पहिल्या फाइलीला धरून ओढा. मधलीच फाइल धरली तर विंडोज बहुधा तिथूनच कॉपी सुरू करतो, आणि क्रम बिघडण्याचं मूळ अनेकदा इथेच असतं. पुन्हा भरायचा कंटाळा असेल तर भरलेल्या ड्राइव्हची नोंदवहीच नावांप्रमाणे लावून देणारे प्रोग्रॅम आहेत : विंडोजवर 'ड्राइव्हसॉर्ट', लिनक्स आणि मॅकवर 'फॅटसॉर्ट'. दर वेळी नवं काही टाकलं की ते पुन्हा चालवायचं.

जाता जाता : कीर्तन किंवा मैफल दीड तासाच्या एकाच फाइलीत असेल आणि गाडी बंद केल्यावर पहिल्यापासून सुरू होत असेल, तर ती दहा-दहा मिनिटांत कापा. 'एमपी३डायरेक्टकट' हे काम पुन्हा एन्कोड न करता, म्हणजे गाणं नव्याने दाबून न साठवता, करतो, त्यामुळे आवाजाचा दर्जा तसाच राहतो. तुकड्यांच्या सांध्यावर क्षणभर शांतता येईल. बोलण्यात ती खपते, विलंबित ख्यालात खुपते. तिथे दोन वाक्यांमधली किंवा दोन बंदिशींमधली जागा बघून कापा.

गाण्यांची नावं देवनागरीत लिहिली, स्टिरिओवर चौकोन दिसतात. (नागपूर)

स्टिरिओत देवनागरीचा फॉन्ट नाही, आणि तो बाहेरून घालता येत नाही. नावं रोमन अक्षरांत लिहिणं एवढाच मार्ग आहे. त्यासाठी 'एमपी३टॅग' वापरा. फाइलीत नाव, अल्बम, गायक अशी जी माहिती असते तिला टॅग म्हणतात, ती या प्रोग्रॅमने बदलता येते. शंभर गाणी एकदम निवडून अल्बम-गायकाचं नाव एका फटक्यात बदलता येतं.

रोमन नावंही कचऱ्यासारखी दिसत असतील तर गोष्ट वेगळी. नाव कोणत्या पद्धतीने साठवलंय त्यावर ते अवलंबून असतं. एमपी३टॅगच्या ऑप्शन्समध्ये टॅग्ज, त्यात एमपेग, आणि लिहिण्याची पद्धत 'आयडी३व्ही२.३ यूटीएफ-१६' ठेवून सगळी गाणी पुन्हा सेव्ह करा. २.४ची आवृत्ती जुन्या स्टिरिओंना पचत नाही. गाण्यात चिकटवलेलं चित्रही ५०० बाय ५०० पिक्सेलपेक्षा मोठं ठेवू नका.

जुनी भावगीतं ऐकू येत नाहीत म्हणून आवाज वाढवावा, तर पुढचं नवं गाणं कान फोडतं. (ठाणे)

'एमपी३गेन' चालवा. तो गाणं पुन्हा एन्कोड न करता फक्त आवाजाची पातळी दीड-दीड डेसिबलच्या पायऱ्यांनी वरखाली करतो. मूळ लक्ष्य ८९ डेसिबल असतं, तेच राहू द्या. ते वाढवलं तर 'क्लिपिंग'च्या रकान्यात खुणा दिसू लागतात, म्हणजे आवाज फाटणार. सरमिसळ गाण्यांना 'ट्रॅक' पर्याय घ्या. एकाच मैफलीच्या तुकड्यांना मात्र 'अल्बम', नाहीतर सुरुवातीची संथ आलापी द्रुत बंदिशीइतकीच जोरात वाजेल. काही प्लेयर मूळ गाण्याला हात न लावता आवाज समान करण्याची सूचना फक्त टॅगमध्ये लिहितात. गाडीचे स्टिरिओ ती सहसा वाचत नाहीत.

महिन्याचे पैसे भरून ॲपमध्ये गाणी डाउनलोड केली आहेत. ती पेनड्राइव्हवर कशी घ्यायची? (पणजी)

घेता येत नाहीत. त्या फाइली कुलूपबंद असतात आणि त्या ॲपपुरत्याच चालतात. ती गाणी ब्लूटूथने किंवा केबलने फोनवरूनच वाजवा. आयट्यून्सवरून विकत घेतलेली गाणी मात्र २००९पासून कुलुपाविना, २५६ केबीपीएस एएसी स्वरूपात मिळतात. स्टिरिओला ती चालली नाहीत तर एमपी३ करून घ्या. घरच्या सीडी संगणकात उतरवतानाही थेट एमपी३च निवडा. १२८ केबीपीएसच्या गाण्याचं ३२० करून काही पदरात पडत नाही, फाइल तेवढी फुगते.

गाडी जुनी, यूएसबी नाही, फक्त सीडी. संगणकावर लिहिलेली सीडी 'एरर' दाखवते. (सोलापूर)

स्टिरिओच्या तोंडावर 'एमपी३' असं छापलंय का बघा. नसेल तर ऑडिओ सीडीच करावी लागेल. त्यासाठी संगणकातल्या प्लेयरच्या 'बर्न' (सीडी लिहायच्या) विभागात 'ऑडिओ सीडी' निवडा, ८० मिनिटांच्या आत. छापलेलं असेल तर ७०० एमबीच्या सीडीवर १९२ केबीपीएसची सुमारे आठ तासांची गाणी बसतात. सीडी घातल्यावर विंडोज दोन पर्याय विचारतो. तिथे 'लाइक अ यूएसबी फ्लॅश ड्राइव्ह' निवडलं, की ती सीडी बहुतेक गाड्यांत वाचली जात नाही. 'विथ अ सीडी ऑर डीव्हीडी प्लेयर' निवडायचं. सीडी-आर (एकदाच लिहिता येणारी) घ्या, आरडब्ल्यू (पुसून पुन्हा लिहिता येणारी) नको, कारण आरडब्ल्यूवरून प्रकाश कमी परावर्तित होतो आणि जुन्या लेन्सला ती दिसत नाही. सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका. उन्हात तापून ते सुटतं आणि सीडी आतच अडकते.

लॅपटॉप ऑक्सच्या वायरने जोडला, चार्जरही गाडीतच लावला. गाण्यामागे कूंऽऽ असा आवाज येतो, रेस दिली की चढतो. (कोल्हापूर)

चार्जर काढून बघा, आवाज थांबला तर ग्राउंड लूप आहे. चार्जर आणि ऑक्स दोन्हींकडून अर्थिंग जोडलं गेल्याने अल्टरनेटरची, म्हणजे गाडीत वीज तयार करणाऱ्या यंत्राची, खरखर गाण्याच्या वायरीत शिरते. ऑक्सच्या वायरीच्या मधे 'ग्राउंड लूप आयसोलेटर' लावा, ३.५ मिमीच्या पिनचा, तो स्वस्तात मिळतो. यावर काही दुकानदार एफएम ट्रान्समीटर सुचवतील. तो आमच्या मते शेवटचा पर्याय. शहरातल्या स्टेशनांच्या मधली रिकामी जागा पुढच्या गावात रिकामी असेलच असं नाही, आणि आवाज ऑक्सपेक्षा पडेलच येतो. लॅपटॉपचा आवाज ८० टक्क्यांच्या आसपास ठेवा आणि बाकीचा स्टिरिओवर वाढवा. उलटं केलं तर खरखरही तेवढीच मोठी होते.